अण्णांच्या भाच्याचं कंत्राट

प्रश्न (थोडक्यात, ओळख बदलून) : आम्ही धुळ्यात देवपूर भागात राहतो. आमच्या सोसायटीत ४४ फ्लॅट आहेत आणि दीड वर्षापासून मी सचिव आहे. अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते माझ्या यजमानांच्या भाऊबंदकीतले, नात्यानं माझे चुलत सासरे. श्रावणात कानबाईचे रोट आम्ही एकत्र खातो. बिल्डरच्या मागे लागून सोसायटीच्या नावावर जमीन करून घेतली ती अण्णांनीच. आता गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग असं ७ लाख ८० हजारांचं काम त्यांच्या सख्ख्या भाच्याला द्यायचं चाललं आहे. कोटेशनं तीन आली, भाच्याचं सर्वांत कमी. पण उरलेली दोनही अण्णांनीच मागवली होती. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांमध्ये ‘दुरुस्तीचे अधिकार समितीला’ एवढा ठराव झाला होता. ठेकेदार भाचा आहे हे समितीत तिघांनाच माहीत आहे, सभासदांना अजिबात नाही. गेल्या मे महिन्यात टँकर मिळत नव्हते तेव्हा याच मुलानं रात्री दोन-दोन वाजता टँकर आणून दिले, हेही खरं. आता चार लाखांच्या आगाऊ चेकवर माझी सही हवी आहे. खजिनदार म्हणतात, ‘रेट कमी, माणूस ओळखीचा, मग अडचण कुठे आहे?’ एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या यजमानांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सोसायटीचे दिवे, वायर, पंपाचा स्टार्टर तिथूनच येतो, वर्षाला पंचवीस-तीस हजारांचा माल, बाजारभावानं. मी तोंड उघडलं तर तेच माझ्या अंगावर येईल. सही करून मोकळी होऊ, की राजीनामा देऊन?

ताई,

तुमच्या पत्रात ‘अण्णा तसे नाहीत’ हे वाक्य चार वेळा आलं आहे. संक्षेप करताना मी ते काढलं, पण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे. तुमच्या मनात दोनच खाने आहेत. अण्णा प्रामाणिक असतील तर विचारायचं काही नाही, आणि विचारलं तर त्याचा अर्थ आपण त्यांना चोर म्हटलं. जमिनीची कागदपत्रं करून आणण्यासाठी ज्या माणसानं उन्हातान्हात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला चोर म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. रेटूही नये.

पण इथे चोरीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो एकाच माणसानं दोन बाजूंनी बसण्याचा. सोसायटीच्या बाजूनं बसलेल्या माणसाचं काम घासाघीस करणं, कामात खोट काढणं, पैसे अडवून धरणं. ठेकेदाराच्या मामाचं काम भाच्याचा संसार उभा राहावा असं पाहणं. दोन्ही कामं आपापल्या जागी चांगलीच आहेत. मात्र पहिल्याच पावसात तिसऱ्या मजल्यावर ओल आली, तर अण्णांनी कोणाला फोन करायचा आणि कोणत्या आवाजात? ते कितीही सरळ असोत, ही ओढाताण त्यांच्या वाट्याला येणारच, आणि ती त्यांच्यावर येऊ न देणं हेही त्यांच्या हिताचंच आहे.

हे आपल्या भागाला नवीन नाही. पांझरेच्या काठी, साक्री आणि धुळे तालुक्यांत, शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत तुम्ही ऐकली असेल. बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं, पण शेतकऱ्यानं उठून आपल्या वावराकडे पाणी वळवायचं नाही. सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी ठरलेल्या क्रमानं पाणी द्यायचा. शेतकरी लबाड होते म्हणून हा नियम आला नव्हता. ज्याचं पीक सुकत चाललं आहे त्याच्या हातात पाटाचं तोंड नसावं, एवढंच शहाणपण त्यामागे होतं. आणि ते कोणाला अपमान वाटलं नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा होता.

आता खजिनदारांच्या ‘रेट कमी आहे’ याकडे येऊ, कारण हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं आणि पुढची चर्चा तिथेच थांबते.

रेट कमी कशाच्या तुलनेत? तीन कोटेशनं एकाच माणसानं मागवली असतील, तर ती तीन असली तरी नजर एकाच माणसाची आहे. तुम्ही ती तिन्ही कागदं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. गच्चीचं क्षेत्रफळ तिन्हींत एकच लिहिलं आहे का? जुना कोबा फोडून नव्यानं करायचा, की त्याच्यावरच लेप मारायचा? लेपाचे हात किती, कोणत्या कंपनीचा माल, पॅरापेट भिंतीला आतून किती उंचीपर्यंत? पाइपांच्या भोवतीचे सांधे धरले आहेत का? रंगाआधी तडे भरणं आणि प्लास्टर दुरुस्ती किमतीत आहे की वेगळी? हमी किती वर्षांची आणि ती कोणाच्या सहीची? कोटेशनवर नुसतं ‘संपूर्ण गच्ची वॉटरप्रूफिंग, एकरकमी’ असेल, तर त्या आकड्याला स्वस्त किंवा महाग म्हणताच येत नाही. धुळ्याच्या उन्हात गच्ची मे महिन्यात तव्यासारखी तापते आणि जूनमध्ये त्याच तापलेल्या थरावर पाऊस पडतो. कमी मालात केलेलं काम एखाद-दुसऱ्या पावसाळ्यातच उघडं पडतं. म्हणून आधी सोसायटीनं बाहेरचा एखादा स्थापत्य अभियंता नेमून मोजमापं आणि अंदाजपत्रक करून घ्यावं. त्याची फी जाईल, पण मग प्रत्येक ठेकेदार एकाच यादीवर दर भरेल आणि ‘कमी’ या शब्दाला काही अर्थ येईल. हा अभियंता अण्णांनी सुचवलेला नसावा. आणि तुम्हीही सुचवलेला नसावा.

चार लाख आगाऊ म्हणजे कामाच्या अर्ध्याहून जास्त रक्कम. ठेकेदार कोणीही असता तरी मी याला नाहीच म्हटलं असतं. सामान आणण्यापुरता थोडा हप्ता, मग काम होईल तसं मोजून पैसे, आणि शेवटची काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत सोसायटीकडे ठेवून घेणं, ही सरळ रीत आहे. भाच्याला ती नको असेल तर तेवढ्यावरूनही बरंच कळेल.

कायदा काय म्हणतो ते सांगते, पण कायदा हातात घेऊन अण्णांसमोर जाऊ नका. तो तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, त्याखालचे नियम १९६१ चे. त्या नियमांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थेच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांत, स्पष्ट म्हटलं आहे की संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा संस्थेशी होणाऱ्या कोणत्याही करारात, खरेदी-विक्रीत किंवा व्यवहारात प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये. समितीचे सदस्य, अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे यात येतात. म्हणजे अध्यक्षांचा स्वतःचा पैसा भाच्याच्या धंद्यात असेल, ते भागीदार किंवा जामीनदार असतील, तर चर्चाच संपली. नुसतं नातं असेल तर मात्र वादाला जागा आहे. समिती सदस्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचा तपशील सभेपुढे ठेवा असं सांगताना हाच कायदा कुटुंबात कोणाला धरतो ते पाहा : पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून. त्यात भाचा नाही.

पती मात्र आहे. तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेली ती दोन-तीन वाक्यं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. अण्णांचा भाचा वेगळ्या घरात राहतो, त्याची चूल वेगळी. तुमच्या यजमानांच्या दुकानाचा नफा तुमच्याच घरात येतो. रक्कम लहान आहे, माल बाजारभावानं आहे, आणि रात्री पंप बंद पडला की तेच दुकान उघडून देतात, हे मला मान्य आहे. पण अण्णांच्या भाच्याबद्दल तिकडून नेमकं हेच सांगितलं जातंय : रेट कमी, माणूस ओळखीचा, अडचणीला धावून येतो. तिथे जे तुम्हाला खटकतं ते इथे खटकत नसेल, तर त्याचं कारण एवढंच की इथे तुम्हाला स्वतःच्या मनाची खात्री आहे. अण्णांनाही त्यांच्या मनाची तशीच खात्री आहे. तुम्हा दोघांकडे पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाला मात्र दोघांचीही मनं दिसत नाहीत.

तेव्हा सुरुवात तिथून करा. हे कोणी तुमच्यावर उलटवायच्या आत तुम्हीच मांडा. तुम्ही सचिव झाल्यापासून दुकानातून आलेल्या मालाची सगळी बिलं काढा, तारीख, वस्तू, रक्कम अशी एक पानाची यादी करा आणि समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. सांगा की हे दुकान माझ्या पतीचं आहे, आजपासून सोसायटीची खरेदी इथून बंद, आणि मागच्या बिलांचे दर कोणाला पडताळायचे असतील तर जरूर पडताळा. हे इतिवृत्तात लिहा. यजमानांशी आधी नीट बोला, बाहेरून कळण्याआधी त्यांना घरातून कळायला हवं. वर्षाच्या पंचवीस-तीस हजारांच्या विक्रीवर जो काही नफा सुटत असेल तो जाईल. त्याच्या बदल्यात तुम्हाला बोलायची मोकळीक मिळेल, आणि सध्या तुमच्याकडे तीच नाही.

त्यानंतर अण्णा.

त्यांच्याशी बैठकीत पहिल्यांदा बोलू नका, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. ग्रुपवर टाकलेला एक साधा प्रश्न तासाभरात आरोप होतो, त्याचे स्क्रीनशॉट फिरतात, आणि मग मागे फिरायची वाट कोणालाच राहत नाही. त्यांच्या घरी जा, एकट्या जा. तुम्ही सून आहात आणि सचिवही आहात. नात्याचा मान ठेवून पदाचं बोलायचं आहे. काहीसं असं म्हणता येईल : ‘अण्णा, या कामात मी माझ्या घरच्या दुकानाचं प्रकरण मिटवतेय, यादी समितीपुढे ठेवणार आहे. मला वाटतं, पप्पूचं नातंही आपणच सभेला सांगावं. उद्या गच्ची गळली आणि लोकांना दुसरीकडून कळलं, तर तुम्ही इतकी वर्षं केलेलं सगळं लोक विसरतील. मला ते पाहवणार नाही.’ (भाच्याचं नाव मी आपलं घेतलं, तुम्ही घरात जे म्हणता ते म्हणा.) एकही शब्द खोटा बोलावा लागत नाही, ही या बोलण्याची जमेची बाजू आहे.

अण्णांसमोर तुम्ही तीन वाटा ठेवू शकता. पहिली, भाच्यानं या कामातून बाजूला व्हावं. माझा कल सरळ या वाटेकडे आहे. मुलगा कष्टाळू दिसतो. धुळ्यात गच्च्या काही कमी नाहीत, मामा अध्यक्ष नसलेल्या शेकडो सोसायट्या आहेत. दुसरी, अण्णांनी या कामापुरतं अध्यक्षपदावरून बाजूला व्हावं. नातं आणि धंद्यात आपला पैसा आहे की नाही हे लेखी सांगावं, त्या विषयाला खोलीबाहेर जावं, मत देऊ नये, कामाची तपासणी आणि बिलांवरची सही दुसऱ्यांकडे द्यावी. मग बंद पाकिटांतून निविदा मागवाव्यात, त्या सभासदांसमोर फोडाव्यात, आणि सगळं माहीत असलेल्या सर्वसाधारण सभेनं ठरवावं. ही वाट धरायची तर आधी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाला किंवा गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाला लेखी विचारून घ्या, कारण ‘अप्रत्यक्ष हितसंबंध’ कुठे सुरू होतो यावर तुम्ही आणि मी निकाल देऊ शकत नाही. तिसरी वाट म्हणजे आज चाललं आहे तसंच चालू देणं. तिला मी वाट म्हणून मोजत नाही, पण तीही त्यांना स्पष्ट शब्दांत दाखवा.

‘लहान गाव आहे, सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, मग काम द्यायचं तरी कोणाला?’ असं अण्णा विचारतील. प्रश्न रास्त आहे. मुंबई-पुण्यात लिहिलेले नियम खानदेशात जसेच्या तसे बसत नाहीत असं अनेकांना वाटतं. पण नातेवाइकानं काम करूच नये असं कोणी म्हणत नाही. अण्णा साधे सभासद असते, तर भाच्यानं निविदा भरायला कोणाची हरकत नव्हती. हरकत आहे ती काम ठरवणारा आणि घेणारा जवळच्या नात्यातले असण्याला. जिथे सगळे नात्यातले, तिथे तर ही रेघ जास्त ठळक काढावी लागते, कारण भांडण झालं तर दुसरीकडे राहायला जाता येत नाही. आपल्या भागातल्या पतसंस्थांत अडकलेल्या ठेवी ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याच माणसांना दिलेली कर्जं, आणि ‘आपला माणूस आहे’ म्हणून न विचारलेले प्रश्न, हे त्या कहाण्यांत पुन्हा पुन्हा आलं आहे. बुडाल्या त्या कोणाच्या तरी निवृत्तीच्या आणि मुलीच्या लग्नाच्या ठेवी.

टँकरचं ऋण मला हलकं वाटत नाही. मे महिन्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत असताना, घराघरांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असताना, रात्री दोनला टँकर घेऊन येणं ही मोठी गोष्ट आहे. त्याची फेड व्हायलाच हवी. वार्षिक सभेत त्या मुलाचं नाव घेऊन आभाराचा ठराव करा, त्याला बोलवा, शाल-श्रीफळ द्या. टँकरचे काही पैसे राहिले असतील तर आजच चुकते करा. पण ४४ घरांच्या दुरुस्ती निधीतून कृतज्ञता व्यक्त करायचा अधिकार समितीला नाही. ते पैसे पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनर आजींचेही आहेत आणि त्यांनी दर महिन्याला काटकसरीतून भरले आहेत.

आता सप्टेंबरचा तो ठराव. आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय समितीला दुरुस्तीवर खर्च करायची मर्यादा सभासदसंख्येवर ठरते : २५ सभासदांपर्यंत २५ हजार, २६ ते ५० सभासद असतील तर ५० हजार, त्यापुढे एक लाख. तुमच्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींत काय आहे ते पाहून घ्या, पण पावणेआठ लाख कोणत्याच हिशेबात बसणार नाहीत. ‘दुरुस्तीचे अधिकार समितीला’ हा ठराव विषयपत्रिकेत नसताना, ऐनवेळी आला. त्यात रक्कम नाही, कामाचा तपशील नाही, ठेकेदार नाही. अशा ठरावाच्या आधारावर एवढा चेक काढणं मला कमकुवत वाटतं. आणि नातं न सांगता घेतलेली संमती कागदावर संमती असली, तरी सभासदांनी ती डोळे उघडे ठेवून दिलेली नसते. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. समितीनं टाळलं तर एकपंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर ती एका महिन्याच्या आत बोलवावी लागते. तुमच्याकडे त्यासाठी नऊ सह्या लागतील. ‘पावसाळा तोंडावर आला, वेळ नाही’ हे कारण पुढे येईलच. महिन्याभरात सभा होते. आणि गच्ची एका वर्षात गळायला लागलेली नाही, आजवर थांबली तशी आणखी चार आठवडे थांबेल.

सही आणि राजीनामा, या दोनच गोष्टी तुमच्या हातात आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. मी राजीनाम्याच्या विरुद्ध आहे. तुम्ही गेलात तर तुमच्या जागी सही करणारं कोणी तरी येईल, आणि प्रश्न विचारणारं माणूस समितीत उरणार नाही.  शिवाय समितीच्या निर्णयानं संस्थेचं नुकसान झालं, तर त्याची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर एकत्र आणि वेगवेगळीही येऊ शकते. मात्र ज्याला निर्णय मान्य नाही, त्यानं आपली असहमती इतिवृत्तात नोंदवली तर त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. हवं तर सात दिवसांच्या आत निबंधकांनाही तसं लेखी कळवता येतं. नुसतं गप्प बसलेल्या सदस्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणून हाताची घडी घालून बसू नका. आणि तुम्ही सचिव आहात, इतिवृत्त तुम्हीच लिहिता. तुमची असहमती कोणी गाळू शकत नाही, हे बळ लहान नाही.

चेकचं असं करा. सही टाळत राहू नका, आजारी आहे, बाहेरगावी आहे असंही सांगू नका. दोन ओळींचं पत्र द्या : या खर्चाला सर्वसाधारण सभेची रकमेसह मंजुरी नाही, आणि ठेकेदाराशी असलेलं नातं सभेपुढे आलेलं नाही. या दोन गोष्टी झाल्या की मी त्याच दिवशी सही करीन. पोच घ्या. या पत्रात अण्णांच्या हेतूबद्दल एकही शब्द नको.

समजा, अण्णांनी ऐकलंच नाही. सभाही बोलावली नाही आणि दुसऱ्या सहीनं पैसे गेले. तेव्हा धुळ्याच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार आहे. कलम ८३ खाली एकपंचमांश सभासदांच्या अर्जावर चौकशी होऊ शकते, वाद सहकार न्यायालयातही नेता येतो. या वाटा खऱ्या आहेत, पण लांबच्या आहेत आणि त्यावर चालताना माणसं कायमची तुटतात. इतर सगळं करून झाल्याशिवाय तिकडे वळू नका. वळावंच लागलं तर मात्र एकट्या जाऊ नका, सह्या करणारे सभासद बरोबर घ्या.

अण्णा दुखावतील का? शक्यता आहे. काही महिने अबोला राहील, घरात सासूबाई दोन शब्द ऐकवतील, कार्यक्रमांत कोणी तरी टोमणा मारेल. हे होणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण तुम्ही आज सही केली आणि दोन वर्षांनी गच्ची गळली, तर त्या दिवशी तुटेल ते जास्त असेल, आणि तेव्हा तुमची सही त्या कागदावर असेल. शिवाय मला अण्णांबद्दल थोडी आशा आहे. जन्मभर वर्गात पेपर तपासलेल्या माणसाला हे चटकन समजायला हवं. स्वतःच्या मुलाचा पेपर दुसऱ्या शिक्षकाकडे तपासायला दिला, म्हणून मुलावर किंवा बापावर कोणी संशय घेतो का?

हे वाचणाऱ्या इतर सोसायट्यांसाठी थोडं. तुम्ही पदाधिकारी नसाल, साधे सभासद असाल, तरी सहकार कायद्याप्रमाणे उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्तं संस्थेच्या कार्यालयात पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. फी भरली तर प्रतीही मिळतात. ‘कशाला हवंय तुम्हाला?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. टँकर, वॉचमन, लिफ्टची देखभाल, रंगकाम, हिशेबनीस, विमा, सोसायटीची जागा मोबाइल टॉवरला किंवा जाहिरातीला भाड्यानं देणं, या सगळ्या ठिकाणी हाच प्रश्न उभा राहतो. एक टँकरचं उदाहरण घ्या. खजिनदाराच्या शालकाचा टँकर असेल, तर भाव ठरवण्याइतकंच टँकर मोजणंही महत्त्वाचं. वॉचमनच्या वहीत वेळ आणि गाडीचा नंबर लिहावा, त्यावर समितीबाहेरच्या एका सभासदाची सही घ्यावी. भाव उन्हाळ्याच्या ऐन गळफासात ठरवू नये, फेब्रुवारीतच दोन-तीन पुरवठादारांशी लेखी ठरवून ठेवावा. मग मे महिन्यात कोणाच्या उपकाराखाली यावं लागत नाही.

आणि निवडणूक झाली की समितीच्या पहिल्याच बैठकीत एक साधी वही उघडा. प्रत्येक सदस्यानं एका पानावर लिहायचं : माझा किंवा माझ्या जवळच्या नात्यातल्या कोणाचा असा कोणता धंदा आहे, ज्याच्याशी सोसायटीचा संबंध येऊ शकतो. हार्डवेअर, इलेक्ट्रिक, रंग, टँकर, बांधकाम, विमा, वकिली, जे असेल ते. काहीच नसेल तर ‘नाही’ लिहून सही. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी, पानं ताजी करायची आणि वही सभेत टेबलावर ठेवायची. कंत्राटाचा विषय आला की सचिवांनी आधी वही वाचायची, ज्याचं नाव निघेल त्यानं उठून बाहेर जायचं, आणि तो कधी गेला, कधी आला हे इतिवृत्तात लिहायचं. नियम सर्वांना सारखा असला की कोणाला वेगळं विचारावं लागत नाही, आणि कोणाचा अपमानही होत नाही. ताई, तुमच्या सोसायटीत अशी वही नसेल तर याच बैठकीत सुरू करा, आणि पहिलं पान तुमचं भरा.